दम रोखून उभा असलेला पाचवा गडी : गुल्डोच्या फिगरचे परीक्षण

माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर गेली तीन वर्षे चार परग्रहवासी योद्धे हातपाय वेडेवाकडे पसरून उभे होते आणि त्यांच्या शेजारी वीतभर जागा मोकळी पडली होती. ‘ड्रॅगन बॉल झेड’ न पाहिलेल्या पाहुण्यांना त्यात काही खटकत नसे. मालिका पाहिलेला कोणी आला की मात्र पहिला प्रश्न ठरलेला असे : गुल्डो कुठे आहे? कॅप्टन गिन्यू, रिकूम, बर्टर आणि जीस यांना मिळवण्यासाठी मला फारसे सायास पडले नव्हते. गुल्डोने मात्र तीन वर्षे घेतली. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या फिगर, म्हणजे पात्राच्या लहान प्रतिकृती, दुकानदार मोजक्याच मागवतात, आणि मोजक्या आलेल्या त्या फिगर पथक पूर्ण करायला निघालेले माझ्यासारखे लोक हातोहात उचलून नेतात, असा हा उफराटा व्यवहार आहे. गेल्या महिन्यात तो अखेर घरी आला. पंधरा-वीस दिवस त्याला हाताळून, त्याचे सगळे सांधे फिरवून आणि एकदा चुकून खाली पाडून झाल्यावर हे लिहीत आहे.

ज्यांना गुल्डो आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देणे भाग आहे. अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १९८४ ते १९९५ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिच्या उत्तरार्धावर तोएई ॲनिमेशनने ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही २९१ भागांची मालिका केली. नेमेक ग्रहावरील कथानकात खलनायक फ्रीझा आपल्या सैन्यातील निवडक पाच जणांचे गिन्यू पथक बोलावून घेतो. हे पाचही जण पाच गोलाकार यानांतून येऊन उतरतात आणि लढाईच्या आधी एकेक करून नाव पुकारत, हातपाय ताणत, नाटकी आवेशात उभे राहतात. ती नक्कल आहे जपानी टीव्हीवर १९७५पासून चालत आलेल्या सेंताई मालिकांची, ज्यांत पाच रंगांचे पाच वीर असाच पवित्रा घेऊन शत्रूपुढे ठाकतात. तोरियामांनी तो पवित्रा वीरांकडून काढून घेऊन गुंडांच्या अंगावर चढवला आणि तो पाहताना खुद्द फ्रीझालाही अवघडल्यासारखे होते, असे दाखवले.

या पाच जणांत गुल्डो सर्वांत बुटका, सर्वांत स्थूल आणि ताकदीने सर्वांत दुबळा. कातडी हिरवी, डोके तुळतुळीत आणि त्यावर चार डोळे. कॅप्टन गिन्यूचे युद्धबल १,२०,००० असल्याचे तो स्वतःच अभिमानाने सांगतो. गुल्डोच्या बाबतीत बढाई मारावी असा आकडाच नाही. त्याला पथकात घेतले आहे ते दोन विद्यांसाठी. त्यांपैकी पहिली म्हणजे श्वास रोखून धरला की काळ थांबतो, आणि जितका वेळ दम टिकेल तितकाच वेळ तो थांबलेला राहतो. दुसरी म्हणजे नुसत्या मनोबलाने समोरच्याचे शरीर जागच्या जागी जखडून टाकणे. फ्रीझावर उलटलेल्या व्हेजिटाच्या सांगण्यावरून नायकाचा मित्र क्रिलिन आपल्याजवळचा ड्रॅगन बॉल, म्हणजे इच्छा पुरवणाऱ्या सात गोळ्यांपैकी एक, फोडायला हात उगारतो आणि त्याच क्षणी तो बॉल गुल्डोच्या हातात असतो, हा प्रसंग ज्यांनी लहानपणी टीव्हीवर पाहिला आहे त्यांना ती पोटात खड्डा पडल्याची जाणीव अजून आठवत असेल. आपल्याकडे २००० नंतरच्या काही वर्षांत ही मालिका कार्टून नेटवर्कवर लागत असे, आणि शाळेतून आल्यावर दप्तर न सोडता ती पाहणाऱ्यांच्या पिढीत मीही मोडतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही गाल फुगवून काळ थांबवत असू. काळ काही थांबत नसे; तोंडे मात्र लाल होत.

आता त्याच्या नावाविषयी, कारण मराठी माणसाला या नावांत जितकी गंमत वाटेल तितकी इतरांना क्वचितच वाटेल. तोरियामांना पात्रांना खाद्यपदार्थांची नावे देण्याची खोड होती. गिन्यू म्हणजे ‘ग्यून्यू’, अर्थात दूध. रिकूम म्हणजे क्रीम. बर्टर म्हणजे बटर. जीस म्हणजे चीज. आणि ‘योगुरुतो’ या जपानी उच्चारातून निघालेला ‘गुरुदो’, म्हणजे आपला गुल्डो, हे दही. थोडक्यात, विश्वाला थरकाप आणणारे हे पथक म्हणजे दूध, साय, लोणी, चीज आणि दही असा सकाळचा रतीब आहे. उलट व्हेजिटाच्या साऱ्या साइयान वंशाची नावे भाज्यांवरून पडली आहेत. त्यामुळे व्हेजिटा जेव्हा हाताच्या एकाच फटक्याने गुल्डोचे मुंडके उडवतो, तेव्हा भाजी आणि दही यांच्या त्या गाठीभेटीला आपल्याकडे कोशिंबीर म्हणतात, हे मला फार उशिरा सुचले. आणि कोशिंबीर ताटात कुठे वाढतात? डाव्या बाजूला, चिमूटभर. गुल्डोचे मालिकेतील स्थान नेमके तेवढेच आहे. त्याच्यावर कोणी पोट भरत नाही, पण तो नसेल तर वाढलेले ताट उघडे दिसते.

ही उपमा माझ्या पदरची असली, तरी तिच्यामागचा विचार खुद्द कथेतलाच आहे. गुल्डो मेल्यावर बर्टर आणि जीस यांना शोक होत नाही. त्यांना चिंता पडते ती अशी, की आता चौघांतच पवित्रा घ्यायचा म्हणजे तो नव्याने बसवावा लागणार. माझ्या फळीवर तीन वर्षे हीच अडचण होती.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळतो. ही जपानी बनावटीची, सांधे हलवता येणारी, साधारण बाराव्या हिश्श्याच्या प्रमाणातली प्लास्टिकची फिगर आहे. माझ्या हाती आलेला नग जुना, एकदा पेटीतून काढून पुन्हा ठेवलेला असल्यामुळे त्याच्यातील दोषांचे माप उत्पादकाच्या पदरात घालणे न्यायाचे होणार नाही, म्हणून कंपनीचे नाव येथे देत नाही. टोकियोत नोकरी करणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तो नाकानो ब्रॉडवे या इमारतीतील एका लहानशा दुकानातून घेतला. शिंजुकूच्या पश्चिमेला नाकानो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही जुनी इमारत आहे आणि तिच्या वरच्या मजल्यांवर जुन्या मांगा, खेळणी आणि फिगर विकणारी दुकाने दाटीवाटीने बसलेली आहेत. जपानमधील जुन्या मालाच्या दुकानांची एक रीत मला फार आवडते : पेटीवर एक चिठ्ठी लावून तिच्यावर मालात काय उणे आहे ते स्वच्छ लिहिलेले असते. आमच्या चिठ्ठीवरही तसे लिहिले होते. ताईने किंमत वाचली, खालची बारीक अक्षरे वाचली नाहीत, आणि पेटी पुण्यात उघडल्यावर एका मनगटाचा सांधा नसल्याचा शोध मला लागला. दुकानाने काहीच लपवले नव्हते. त्यामुळे तक्रार करायची तर ती ताईकडेच करावी लागेल, आणि ती गणपतीत घरी येणार असल्याने तेवढे धाडस माझ्यात नाही.

पेटीत मूळ फिगरशिवाय आणखी दोन चेहरे, हातांच्या निरनिराळ्या मुद्रांच्या जोड्या आणि डोळ्यावर लावायचा, शत्रूचे बळ मोजणारा स्काउटर आहे. उंची मी पट्टीने मोजली, ती दहा सेंटिमीटरला थोडी कमी भरली. याच मापातील माझा रिकूम अठरा सेंटिमीटरच्या वर जातो. त्याच्याशेजारी गुल्डो कमरेलाही पुरत नाही आणि मालिकेतील प्रमाण पाहता ते योग्यच आहे. लहान पात्राला जास्त पैसे देताना ग्राहकाला वाईट वाटू नये म्हणून काही वेळा अशा फिगर किंचित मोठ्या काढल्या जातात. येथे तो मोह टाळला आहे.

कारागिराचे खरे कसब चेहऱ्यात दिसते. चार डोळे ही साधी गोष्ट नव्हे. दोन डोळ्यांच्या फिगरमध्ये बुबुळांची छपाई केसभर सरकली तरी पात्र तिरळे दिसते. येथे तर मोठे दोन डोळे समोर आणि उरलेले दोन बाजूंना आहेत आणि चौघांनीही एकाच दिशेला पाहायला हवे. भिंग घेऊन पाहिले तेव्हा माझ्या नगात डाव्या कडेच्या डोळ्याची काळी किनार किंचित जाड निघाली, पण नजर मात्र चारही डोळ्यांची एकाच ठिकाणी जुळते. समोरून पाहिले तर तो तुमच्याकडे पाहतो. कपाटाच्या कडेने निघून जायला लागलात तर कडेचा डोळा तुमचा पाठलाग करत असल्यासारखे वाटते. हे मुद्दाम साधले आहे की योगायोगाने घडले आहे ते ठाऊक नाही, पण रात्री दिवा मालवताना माझी नजर हटकून तिकडे जाते.

पहिला चेहरा कुत्सित हसणारा आहे आणि दुसरा दात विचकून ओरडणारा. हे दोन्ही चांगले असले तरी कोणत्याही खलनायकाला चालतील असे आहेत. तिसऱ्या चेहऱ्यासाठी मात्र मी ही फिगर दुप्पट किमतीलाही घेतली असती. त्यात गुल्डोने दम रोखलेला आहे. ओठ आत ओढून घट्ट मिटलेले, गाल फुगून ताणलेले आणि गाल जेथे सर्वांत फुगले आहेत तेथे हिरव्या रंगावर लालसर झाक मारलेली. कपाळावरच्या सुरकुत्या इतर दोन चेहऱ्यांवर आडव्या आहेत, या चेहऱ्यावर त्या मधोमध आवळल्या आहेत. म्हणजे केवळ गाल बदलून भागवलेले नाही, तर श्वास कोंडल्यावर अख्खा चेहरा कसा होतो याचा विचार झालेला आहे. गुल्डोची सारी गोष्ट या एका चेहऱ्यात आली आहे, असे मला वाटते. काळावर सत्ता चालवणारा हा योद्धा फुप्फुसांचा मात्र गुलाम आहे. क्रिलिन आणि नायकाचा मुलगा गोहान यांच्याशी लढताना त्याने काळ थांबवला, पण लगेच धापा टाकू लागला. इतर खेळण्यांत पात्राला त्याच्या विजयाच्या क्षणी घडवतात. येथे घडवलेला क्षण असा आहे की आणखी दोन श्वासांच्या अवधीत त्याचे पितळ उघडे पडणार आहे.

चेहरा बदलण्याची पद्धत मात्र डोकेदुखीची आहे. गुल्डोला मान जवळजवळ नाहीच. डोके थेट चिलखताच्या कॉलरमध्ये बसते आणि त्यामुळे बोटांना धरायला जागा मिळत नाही. समोरचा चेहरा ओढून काढायला गेलो की चेहरा जागचा हलत नाही आणि अख्खे डोकेच हातात येते. पहिल्या दिवशी हे तीनदा झाले. व्हेजिटाचे काम आपल्याच हातून व्हावे, ही थट्टा पहिल्या खेपेस गंमतशीर वाटते, तिसऱ्या खेपेस नाही. शेवटी हेअर ड्रायरची कोमट हवा अर्धा मिनिट दिली, तेव्हा प्लास्टिक थोडे सैल होऊन चेहरा निघाला. हवा फार गरम करू नये; पीव्हीसी लवकर मऊ पडते आणि स्काउटरची पातळ दांडी वाकली तर ती पुन्हा सरळ करताना तुटण्याची भीती असते. तो स्काउटर कानाजवळच्या खाचेत बसतो आणि चारांपैकी एक डोळा झाकतो. शत्रूचे बळ मोजायला चार डोळे अपुरे पडावेत आणि त्यावर आणखी एक काच लावावी लागावी, हा तोरियामांचा विनोद फिगरमध्ये नीट उतरला आहे.

सांध्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खांदे बऱ्यापैकी वर जातात, पण रुंद खांदेपट्ट्या मध्ये येतात. गुडघे जेमतेम वाकतात. कंबर नावालाच फिरते. स्थूल शरीराच्या पात्राकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये. तोल मात्र उत्तम आहे. बूट रुंद, पोट जड आणि पाय आखूड असल्यामुळे गुल्डो स्टँडशिवाय निवांत उभा राहतो, आणि हे मी बर्टरबद्दल कधीच म्हणू शकणार नाही. उंच, सडपातळ बर्टर विश्वात सर्वांत वेगवान असल्याचा दावा करतो आणि माझ्या फळीवरून आजवर सर्वांत वेगाने खालीही तोच आला आहे. गुल्डोला मीच एकदा कोपराने पाडले. चार फुटांवरून फरशीवर आपटूनही त्याच्या खांदेपट्टीवर एक बारीक पांढरी रेघ उमटण्यापलीकडे काही झाले नाही.

रंगकाम दुरून देखणे आणि जवळून ठीक आहे. कातडीच्या हिरव्या रंगाला दोन छटा दिल्या आहेत, त्यामुळे ती कच्च्या प्लास्टिकसारखी चकाकत नाही. चिलखतावरील पथकाचे चिन्ह सुबक छापले आहे. हातमोजे आणि बूट यांच्या कडांवर मात्र साच्याच्या जोडरेषा स्पष्ट दिसतात आणि एका बुटाच्या टाचेवर हिरव्या रंगाचा ठिपका सांडलेला आहे. मनगटाच्या हरवलेल्या सांध्याची गोष्ट वर आलीच आहे. त्यामुळे डावा हातमोजा सध्या मी पांढऱ्या पुटीच्या चिमूटभर गोळीवर टेकवून ठेवला आहे आणि तो हात हलवण्याची मुभा घरात कोणालाही नाही.

एका गोष्टीची उणीव मला जाणवली. झाडाच्या टोकदार खोडाचा एखादा तुकडा सोबत द्यायला हवा होता. क्रिलिन आणि गोहान यांना जखडून ठेवल्यावर गुल्डो मनोबलाने झाडाचे खोड उचलतो आणि भाल्यासारखे त्यांच्यावर रोखतो, आणि व्हेजिटा नेमका त्याच वेळी मध्ये पडतो. तेवढा एक तुकडा असता तर हा प्रसंग फळीवर मांडता आला असता. तुटलेले मुंडके बोलते आणि हा डाव भ्याडपणाचा असल्याचा आरोप करते, त्याचाही चौथा चेहरा चालला असता. पण लहान मुले हाताळतील अशा वस्तूत तो नसल्याचे आश्चर्य वाटत नाही. मालिकेत पुढे मेलेल्या पथकाची परलोकातील कायोसामा या देवतेच्या ग्रहावर पुन्हा गाठ पडते आणि तेथे गुल्डो नायकाच्या बाजूच्या बुटक्या चिआओत्झूकडून हरतो; तो भाग ॲनिमेकारांनी पदरची भर म्हणून घातलेला आहे, मांगात नाही. गुल्डोला जपानी आवाज देणारे कोझो शिओया यांनीच पुढे मालिकेच्या अखेरच्या टप्प्यातील खलनायक माजिन बूलाही आवाज दिला, हे कळल्यापासून मला गुल्डोच्या कुरकुरण्यात बूचे हसणे ऐकू येते.

किमतीविषयी. ताईने येनमध्ये दिलेली किंमत रुपयांत साडेतीन हजारांच्या आसपास झाली. आपल्याकडच्या दुकानांत हीच फिगर कधी दिसली तर तिच्यावर दुप्पट आकडा दिसेल, आणि त्यात सर्वस्वी दुकानदाराची हाव असते असे नाही. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेण्यात आले. शिवाय २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. या दोहोंमुळे अस्सल माल महाग आणि विरळ झाला. त्याची जागा काही अंशी नकली मालाने घेतली आहे. आठशे-नऊशे रुपयांत अख्खे गिन्यू पथक देतो असे कोणी म्हणाले, तर आधी पेटीवर तोएई ॲनिमेशनचा चकाकता स्टिकर आहे का ते पाहावे आणि त्यानंतर गुल्डोच्या डोळ्यांकडे पाहावे. स्टिकरची नक्कल होऊ शकते. चार बुबुळे एका रेषेत आणण्याचा खटाटोप मात्र नकली माल काढणारा सहसा करत नाही. अशा एका नगात मी चारही डोळे चार दिशांना गेलेले पाहिले आहेत.

पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत पीव्हीसीच्या फिगर बंद पेटीत ठेवल्या की त्यांच्यातून तेलकट थर पाझरतो आणि पृष्ठभाग चिकट होतो. साबणाच्या कोमट पाण्याने तो निघतो, पण गुल्डोच्या तुळतुळीत डोक्यावर धूळ चिकटली की ती फार लवकर नजरेत भरते. त्याला उघड्या फळीवर, थेट उन्हापासून दूर ठेवणे बरे.

ही फिगर कोणी घ्यावी? ज्याच्याकडे पथकातील दुसरे कोणीच नाही, त्याने सुरुवात गुल्डोपासून करू नये. एकटा तो फळीवर बेडकाच्या जातीचा कोणी गणवेशधारी कारकून दिसतो. ज्याच्याकडे दोघे किंवा तिघे आहेत, त्याने वाट पाहावी आणि अस्सल नग दिसताच घ्यावा. ज्याच्याकडे चौघे आहेत, त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही, त्याने आधीच शोध सुरू केलेला असणार. चिठ्ठीवरची बारीक अक्षरे मात्र जपानी वाचता येणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावीत.

पाचही जण आता पवित्र्यात उभे आहेत. काही जाणकारांचे म्हणणे असे पडले की पवित्रा घेताना गुल्डो दम रोखत नाही, त्यामुळे फुगलेल्या गालांचा चेहरा येथे चुकीचा आहे. ते खरे आहे आणि तरीही मी तो बदललेला नाही. एक तर तो चेहरा मला आवडतो, आणि दुसरे म्हणजे बदलायला गेलो की डोके हातात येते. पुटीने टेकवलेला डावा हात रिकूमच्या पोटरीआड जाईल असा कोन मी साधला आहे, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला मनगट नसल्याचे कळत नाही.